तिरडीवरची झोप

चारठाणा, ता. जिंतूर
फेब्रुवारी १९८६

ती. ताईस,
धाकट्याचा दंडवत.

माझं बरं चाललंय. खोकला थोडा राहिलाय, पण ज्वारीची भाकरी आता मानवते. आईचे गुडघे कसे आहेत?

माझ्या सिनेमात नट नाहीत, या गावातलीच माणसं आहेत. मी त्यांना संवाद लिहून देत नाही. प्रसंग सांगतो, बोलणं त्यांचं. त्यामुळे काम रेंगाळतं, कॅमेरावाले वैतागतात. मीही थकलोय.

काल सिनेमातल्या मुलाची अंत्ययात्रा होती. मुलाचं काम करणारा रायभान तिरडीवर निजेना. "जित्या माणसानं तिरडीवर निजू न्हाई," म्हणाला. मी हट्ट धरला नाही. चेहरा झाकलेलाच दिसणार होता, म्हणून मीच निजलो. हे आईला वाचून दाखवू नकोस.

सिनेमातल्या आईचं काम करणारी कासाबाई एरवी मेंढरं राखते. ती तिच्याच शब्दांत रडू लागली. ऊन कोवळं होतं. किती दिवसांनी पाठ टेकली होती, ताई. मला झोप लागली.

शॉट संपला तरी मी उठेना. तिनं घाबरून तोंडावरचं कापड ओढलं.

"माय हाय का तुमाला?"

"आहे."

"तिला तुमचा कागद कवा गेला?"

मला आठवेना.

आज ती कॅमेऱ्यापुढे यायला तयार नाही. आधी घरी कागद धाडा म्हणते. सगळे खोळंबलेत, आणि ती समोर बसून मी लिहितोय का ते बघते आहे.

आईला एवढंच सांग, काल मला गाढ झोप लागली होती.

तुझा,
अनंता