पहिल्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यास

पहिला मजला, बेलवली,
बदलापूर (पश्चिम)
मंगळवार

तीर्थस्वरूप शिवरामकाका यांना पुतण्या भूपेशचा दोन मजले खालून साष्टांग नमस्कार.

(बोलताना मी तुम्हाला ‘काका, तू’ म्हणतो, पण कागदावर तसं लिहायला हात धजत नाही. म्हणून इथे ‘तुम्ही’. परका झालो असं समजू नका.)

आम्ही पहिल्या मजल्यावर सगळे मजेत आहोत. तुमची खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, नाहीतर सकाळी सहाला तुम्ही गुळण्या करता त्या बाथरूमच्या डक्टमधून आमच्याकडे स्वच्छ ऐकू येतात आणि आज काकाचा घसा कसा आहे ते बाबा दात घासतानाच सांगतात. वेणूकाकींचा गुडघा कसा आहे? लिफ्ट बंद पडून तीन आठवडे झाले, सेक्रेटरी तुम्हीच आहात म्हणून कोणी बोलत नाही, पण आजोबा परवा जिन्यात बसून लिफ्टला शिव्या देत होते. त्या तुम्हाला नव्हत्या असं मी लोकांना सांगितलंय.

आता तुम्ही म्हणाल, दोन जिने चढून यायचं सोडून हे पत्राचं काय खूळ? काका, या महिन्यात मी चार वेळा वर आलो. एकदा लिंबू मागितलं, एकदा स्क्रू ड्रायव्हर, एकदा पुन्हा लिंबू, आणि चौथ्यांदा नुसताच पंख्याकडे बघून परत आलो. तुम्ही दार उघडलंत की आधी खांद्यावर हात टाकता आणि घरात जो कोणी बसला असेल त्याला सांगता, हा आमचा इंजिनिअर. मग मी जिना चढताना पाठ केलेलं सगळं वाक्य घशातच राहतं. फोन करावा तर तुमचा फोन कायम स्पीकरवर. मागे मी म्हटलं, काका, जरा खाजगी बोलायचं होतं, तर तुम्ही ‘बोल की’ म्हणालात आणि तुमच्यामागून चौकातली सहा-सात माणसंही ‘बोल, बोल’ म्हणाली. व्हॉट्सअॅपचं तर नावच नको, तुम्ही डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करता. म्हणून हे पत्र तुमच्या पेपरात घालून ठेवतोय. ते तुमच्या लेकीबद्दल, आपल्या उन्नतीबद्दल आहे आणि शुक्रवारच्या आत वाचायचं आहे. आधी राशीभविष्य वाचा, चालेल, पण मग हे वाचा.

सुरुवात फ्लेक्सपासून करतो, कारण सगळा लोचा तिथेच झाला. मागच्या वर्षी मे महिन्यात आजोबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला आणि तुम्ही फ्लेक्स छापायला गेलात. छापणारा म्हणाला, या मापात अर्धी जागा रिकामी राहतेय. आपल्या घरात रिकामी जागा कोणाला बघवत नाही (बघवली असती तर या बिल्डिंगच्या जागी अजून भात लावला असता). त्याच दुपारी माझा शेवटचा पेपर होता. मी कॉलेजच्या गेटवर उभा, तुमचा फोन आला, पेपर कसा गेला? मी म्हटलं, बरा. तेवढ्या ‘बरा’वर तुम्ही मला इंजिनिअर करून टाकलंत. संध्याकाळी चौकात येतो तर डावीकडे फेटा बांधलेले कोंडाजी आजोबा आणि उजवीकडे मी, ‘आमच्या घराण्यातील पहिले इंजिनिअर’. फोटो हळदीतला होता म्हणून छापणाऱ्याने माझं डोकं तेवढं ठेवून खाली कोट-टाय लावला. गळ्याखालचा तो माणूस कोण आहे ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तब्येतीने मात्र चांगला आहे.

जूनअखेर निकाल लागला. काका, हे वाक्य मी वर्षभर पाठ करतोय, आता लिहूनच टाकतो. मला दोन विषयांत केटी लागली. केटी म्हणजे नापासच, फक्त इंग्रजी असल्यामुळे चारचौघांत सांगता येतं, आणि मी तेही सांगितलं नाही. (डिसेंबरात एक विषय सुटला. दुसरा अजून सोडत नाही.) देवाशपथ, त्या दिवशी मी सांगायलाच घरी येत होतो. पण वाटेत चौक आला, वर तो कोटवाला मी, आणि खाली स्टँडवरचे रिक्षावाले उठून म्हणतायत, इंजिनिअरसाहेब, बसा. घरी फक्त आजोबांनी विचारलं. म्हणाले, ‘पोऱ्या, पास झालास ना खरा?’ मी तोंड उघडणार एवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, बाबा, चौकात लागलंय की! जसं काही युनिव्हर्सिटी निकाल आपल्या चौकातच लावते. मी तोंड मिटलं, ते आज उघडतोय.

इथवर नुकसान माझं एकट्याचं होतं, त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण जुलैत मंडळाने दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव ठेवला आणि फ्लेक्स बघून पाहुणा म्हणून मलाच बोलावलं. विषय, यशाची गुरुकिल्ली. नाही म्हणायला हवं होतं. पण शाल, श्रीफळ आणि हातात माइक आला की माणसाचं काय होतं कोण जाणे, स्वतः दोन विषयांत लटकलेला मी पाऊण तास किल्ल्या वाटत सुटलो. त्यातलं एक वाक्य मला अजून झोपू देत नाही. मी म्हणालो, जो हातानं काम करतो तो जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली राहतो, म्हणून डोक्यानं काम करा! काय टाळ्या पडल्या! तुम्ही तर शिट्टी मारलीत. पहिल्या रांगेत आजोबा होते, ज्यांनी आयुष्यभर हातांनीच भाताची लावणी केली, तेही बिचारे टाळ्या वाजवत होते. आणि तिसऱ्या रांगेत उन्नती होती, दहावीला एकसष्ट टक्के, अंगात स्वतः शिवलेला ड्रेस. माझ्या अंगात जो कुर्ता होता ना, त्याच्या बाह्या तिनेच सकाळी आखूड करून दिल्या होत्या. तोच कुर्ता घालून मी ते बोललो.

तिला आयटीआयला शिवणाच्या कोर्सला जायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. त्या संध्याकाळी तिने तुम्हाला सांगितलं, नको, सायन्स घेते, दादासारखी इंजिनिअर होते. तुम्ही धावत खाली येऊन मला मिठी मारलीत, म्हणालात, तुझ्या भाषणाने पोरगी मार्गाला लागली. काका, तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

आता माझ्या नोकरीचं. मी उल्हासनगरला ‘कंपनीत प्रॉडक्शन बघतो’ असं तुम्ही सगळ्यांना सांगता. खोटं नाही, बघतोच. मुकेशशेठचा जीन्सचा कारखाना आहे, बत्तीस मशिनी. शेठ सिंधी माणूस, फार सज्जन. पहिल्या दिवशी विचारलं, क्या आता है? मी म्हटलं, मेकॅनिकल. म्हणाले, अच्छा है साईं, पहले कपडा पहचान. मी कशाला ओळखतोय! मी लॅपटॉप उघडला आणि आठ दिवसांत शोध लावला की पँटचा मागचा भाग उभ्याऐवजी आडवा ठेवून कापला तर प्रत्येक थानात कितीतरी कापड वाचतं. कटिंग मास्टर म्हणाले, ऐसा नहीं बैठता. मी त्यांना स्क्रीन दाखवली. आजोबा डॉक्टरकडे बघतात तसं त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, म्हणजे मान देऊन, पण विश्वास न ठेवता. शेठ मात्र खूश झाले. तीनशे पँटचा अख्खा लॉट माझ्या पद्धतीने कापला, शिवला, आणि धुऊन आला तेव्हा वाट लागली होती. पुढचा भाग एका मापाने आटला, मागचा दुसऱ्या. ती पँट घातली की माणूस सरळ उभा राहतो आणि पँट वळून विठ्ठलवाडीकडे बघते. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्यातली एक पँट माझ्या टेबलावरच्या खिळ्याला अडकवली आणि शांतपणे म्हणाले, डिग्री घर पे है ना? संभालके रखना. आता जी डिग्री घरीही नाही ती कुठून सांभाळू?

पण खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. मास्टरांना विचारायची लाज वाटली म्हणून चूक कुठे झाली ते शोधायला मी एक पँट घरी आणली. जिन्यात उन्नती भेटली, खांद्यावर फिजिक्सच्या क्लासची बॅग. माझं तोंड बघून तिने पँट हातात घेतली, दोन्हीकडून ताणली, उजेडात धरली, आणि म्हणाली, ‘दादा, मागचा कपडा आडवा कापलास ना? उभा जास्त आटतो, म्हणून फिरली.’ तुला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणे, कोणी नाही, मम्मीच्या अस्तराचं एकदा असंच झालं होतं. पँट घडी घालून माझ्या हातात दिली आणि गेली फिजिक्सला. मी तिथेच पायरीवर बसलो. चार वर्षांच्या कॉलेजात मला जे कळलं नाही ते या पोरीला एका अस्तरात कळलं होतं, आणि तिला त्यातून उठवणारा मी. दुसऱ्या दिवशी मास्टरांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, उसको भेज दो, तुम घर बैठो. (मी घरी बसलो नाही. आता त्यांच्याजवळ उभा राहून कापडाचा उभा-आडवा ओळखायला शिकतोय. परवा त्यांनी पहिल्यांदा मला कात्रीला हात लावू दिला. खरं सांगू, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता.)

शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही, काका. माझ्या वर्गातल्या काही पोरांना मशीन समोर आलं की डोळ्यांत चमक यायची, ती पास झाली, त्यांचं बरं चाललंय. मी मात्र ‘काय झालास’ या प्रश्नाला उत्तर पाहिजे म्हणून इंजिनिअरिंगला गेलो. काय करायला आवडतं, असं कोणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर मला तेव्हा सांगताही आलं नसतं. उन्नतीला येत होतं. तिने वयाच्या बाराव्या वर्षी सांगितलं होतं. यश म्हणजे काय ते मला अजून नीटसं कळलेलं नाही, पण ते आधी फ्लेक्सवर आणि मग माणसात येत नाही, एवढं या वर्षात कळलं. तुम्हाला वाटतं ती अभ्यासाने सुकली आहे. ती अकरावीत ढकलपास झाली आहे, काका, आणि रडली तेव्हा तुम्ही तिला माझंच उदाहरण दिलंत. पूर्वी संध्याकाळी डक्टमधून तिच्या मशीनचा आवाज यायचा, मधेच थांबायचा, मग काकींना ती काहीतरी दाखवायची आणि दोघी हसायच्या. आई म्हणायची, चालली बघा आमची उन्नती. वर्ष झालं, डक्टमधून फक्त तुमच्या गुळण्या येतात.

माझं चुकलं. तुमच्या मायेला मी फसवलं आणि त्या फसवणुकीवर पोरीला चढवलं. मला काय बोलायचं ते बोला, तेवढं तिला माझ्यासारखं करू नका.

काकींना नमस्कार. आजोबांना मीच सांगेन, त्यांनी एकट्यानेच विचारलं होतं.

तुमचा (गळ्याच्या वरचा तेवढाच),
भूपेश

ता. क. हे वाचून ओरडावंसं वाटलं तर ओरडा. आमच्याकडे ऐकू येईल. मी वर यायला चपला घालूनच बसलोय.

ता. क. दुसरा. मंडळाने या रविवारी मला पुन्हा बोलावलंय. जाणार आहे. विषय त्यांनी ‘यशाचा मंत्र’ ठेवलाय, मी केटीबद्दल बोलणार आहे. शिट्टी मारायची का ते ऐकून ठरवा.

ता. क. तिसरा. खरं काम इथे आहे. सोबत आयटीआयच्या शिवणाच्या कोर्सचा फॉर्म जोडलाय, शुक्रवारी शेवटची तारीख. मी भरलाय, तिला अजून माहीत नाही. तिने ‘हो’ म्हटलं तरच द्यायचा. पालकांच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. तिला तुम्हीच विचारा, पण माझं नाव न घेता विचारा, नाहीतर ती मला वाईट वाटेल म्हणून नको म्हणेल.

ता. क. शेवटचा. तिसऱ्या खेपेला, पुन्हा लिंबू मागायला आलो होतो तेव्हा तुम्ही घरी नव्हतात. आतल्या खोलीत तिचं मशीन झाकून ठेवलेलं दिसलं. चौकातून उतरवलेला फ्लेक्स तुम्ही जपून ठेवला होता ना, तोच कापून तिने मशीनवर घातलाय. आजोबांचा भाग भिंतीकडे, माझा पुढे. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, ‘राहू दे दादा. मशीन उघडावंसं वाटलं की तुझा फोटो दिसतो, मग मी अभ्यासाला बसते.’ मी लिंबूसुद्धा न घेता खाली आलो. काका, सहीचा विचार तुम्ही शुक्रवारपर्यंत करा, पण तो फ्लेक्स आज काढा.