सही समजून सोडलेलं नाव

प्रिय अण्णा,

म्हणजे यंदाही तुम्ही दादाचं नाव घेतलं नाहीतच. पंधरा ऑगस्टला चावडीपुढच्या दगडासमोर उभं राहून गावातल्या शहीद झालेल्या सगळ्यांची नावं वाचलीत, सुभेदारापासून शिपायापर्यंत, आणि पुढं गप्प. आई फोनवर सांगत होती, शेवटचं नाव झाल्यावर तुम्ही कागद हातात धरून तसेच उभे राहिलात. पोरं चुळबुळ करायला लागली, सरपंच खोकला, तेव्हा कुठं एकदम 'विश्राम' म्हणालात. तीन वर्षं हेच चाललंय. मी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, लढाईत गेला त्याचंच नाव दगडावर येतं, रजेवर येऊन विहिरीत पाय घसरलेल्याचं नाही. आणि वर, भरतीच्या मैदानातून पळालेल्यानं मला दगड शिकवू नये. बरं, पळालो. एक चक्कर राहिली असताना कुंपणावरून उडी टाकली, गाव अजून हसतंय. पण दगडाचं आता मला थोडंफार कळतं, तेवढं ऐकून घ्या.

तीर्थरूप लिहिलं नाही म्हणून रागावू नका. ते कुठं लिहायचं, कसं लिहायचं, हे शिकवलं त्या दिवशी मी शाळा बुडवलेली. फोन केला असता, पण घरातला फोन आईच्या हातात असतो आणि ती तो स्पीकरवर ठेवते. हे पत्र तुमच्या एकट्याच्या नावानं टाकतोय ते त्यासाठीच.

तुम्ही आईला विचारता म्हणे, आता कुठंय, का तिथूनही उडाला. नाही उडालो. खारघरला बिल्डिंगवर प्लास्टर केलं, कोपरखैरण्यात वडापावच्या गाडीवर होतो, उरणला कंटेनरच्या यार्डात राहिलो, कुठंच जीव लागला नाही. तुर्भ्याला मकबूलभाईंच्या दगडाच्या कारखान्यात मात्र दिवाळीपासून आहे. मकबूलभाई इकडचेच, समुद्रकाठच्या गावातले. इंग्लंडला ग्रॅनाइटचे दगड पाठवायचे, थडग्यांचे, हा त्यांचा धंदा. दगडाला रबराचं कातडं चिकटवायचं, त्यातली कॉम्प्युटरनं कापलेली अक्षरं उचलून काढायची, मशिननं वाळू मारायची. उघडं तेवढं खाल्लं जातं, झाकलेलं राहतं. इंग्रजी वाचता आलं नाही तरी चालतं. माझ्यासाठी ती अक्षरं म्हणजे नुसते आकार, कोयरी काढावी तसे.

या पावसाळ्यात एक मोठी ऑर्डर आली. तिकडची पाच खेडी, शेतीवाडीचीच. मनस्वी म्हणून ऑफिसात पोरगी आहे, इथल्या गावठाणातली, ती मेल वाचते. मला म्हणाली, "पॅरिश म्हंजे आपली वाडीच समज. पाच वाड्यांना मिलून एकच पाद्री हाय." त्या पाची गावांतली लढाईत गेलेली माणसं, चौदा सालच्या आणि एकोणचाळीसच्या महायुद्धात. जुने दगड प्रत्येक चर्चमध्ये वेगवेगळे होते. त्यातली दोन चर्चं आता बंद पडलीत, तिथं नावं वाचायला कोण जात नाही. म्हणून सगळ्यांचा मिळून एक नवा दगड. नोव्हेंबरात लढाईत गेलेल्यांचा दिवस असतो, तेव्हा त्याच्यापुढं उभं राहून एकेक नाव मोठ्यानं वाचतात. मी म्हटलं, हे तर आमच्या अण्णांचंच काम. आपल्या दगडावरचे तात्या इराकात बसऱ्याला पडले, त्याच चौदा सालच्या लढाईतली यातली बरीच पोरं, अण्णा.

एक तुम्हाला पटणार नाही. एकाच्याही नावापुढं हुद्दा नव्हता. मकबूलभाईंना वाटलं ड्रॉइंगमध्ये राहून गेलं, उद्या आपल्या माथी मारतील. मेल टाकून विचारलं. उत्तर आलं, हुद्दा नको, गावात कोणी त्यांना हुद्द्यानं हाक मारत नव्हतं. मकबूलभाईंनी मिशीवरून हात फिरवला. त्यांचा पणजोबा गोऱ्यांच्या बोटीवर कोळसा टाकायचा, लढाईत बोट बुडाली, तोही गेला. म्हणाले, "त्याचं नाव कुठच्या दगडावर असंल, अल्लाला ठाऊक."

दगड मी केला. अक्षरं अशी उठली की मकबूलभाईंनी बोट फिरवून बघितलं आणि पेटीवाल्याला फोन लावला, म्हणजे पसंत. दगड पाठवायच्या पेटीसाठी फळ्याही आल्या. मनस्वी ड्रॉइंग घेऊन शेवटचं बघायला आली आणि खाली येऊन थांबली. "बंडू, हा कुठं गेला?" ड्रॉइंगच्या तळाला, छापलेली नावं संपल्यावर, पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं. आमच्याकडं पास झालेल्या ड्रॉइंगवर गिऱ्हाईक खाली सही करून पाठवतं. मी ती सही समजलो, कॉम्प्युटरवाल्या पोरानंही सहीच समजून सोडलं. ते नाव होतं. हर्बर्ट टिली. मकबूलभाई असे भडकले की बाजूच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली. "अरे येड्या, शंभर वर्षं बाहेर ठेवलेला माणूस! नव्या दगडावर त्यांनी त्याला आत घेतला आणि तू त्याला परत बाहेर ठेवलास!"

मला काहीच कळेना. मग मनस्वीनं मेल वाचून दाखवला. हा टिली लढाईतून धडधाकट परत आला होता. घोड्यांकडं कामाला लागला. पण कुठं काही धाडकन वाजलं की गाडीखाली जाऊन पडायचा, बाहेर यायचा नाही. शेवटी वेड्यांच्या दवाखान्यात ठेवला, तिथंच गेला. गावात तो जुना दगड बसवायचा ठरला तेव्हा घरोघर फिरून नावं मागितली, तर याच्या घरच्यांनीच नाव दिलं नाही. मनस्वी म्हणाली, "घरच्यांनीच कशाला नसंल दिला?" मी खाली बघून फरशीवरचा चिखल झाडूनं ओढत राहिलो.

परत रबर लावून वाळू मारली असती तर वरच्या नावांची पॉलिश उडाली असती, म्हणून ते एक नाव छिन्नीनं कोरायचं ठरलं. मी सकाळी बसलो ते संध्याकाळ झाली. टिलीचा ट मनस्वीनं बोटानं दाखवला. छिन्नी वाजत होती आणि मला सारखा आपला गोठा दिसत होता. दादा सरहद्दीवरून रजेवर आला तेव्हा घरात झोपायचा नाही, गोठ्यात म्हशीच्या पाठीला पाठ लावून बसायचा. ट्रॅक्टरचा फटका वाजला की ज्वारीत पालथा पडायचा. उठून कपडे झाडताना हसायचा, आणि पोरं त्याच्याहून जास्त हसायची. तुम्हाला ते सोसायचं नाही, फौजीचं पोरगं गोठ्यात लपतंय म्हणून. मलाही सोसत नव्हतं. मी तेव्हा लांब जाऊन बसायचो.

अण्णा, आता जे लिहितोय त्यासाठीच हा कागद घेतलाय. दादा गेला त्या सकाळी मी कडब्याच्या गंजीमागं होतो. तुम्ही त्याला म्हणालात, "उद्याची गाडी धर, नाहीतर विहीर जवळ कर." मी ऐकलं. आपल्याकडं रागात सगळेच असं म्हणतात, आई मला कितीदा म्हणाली असेल, मी जेवायला घरी यायचोच. दादानं तुमच्याकडं बघितलं, चप्पल घातली आणि गेला. दुपारी तुम्हीच पहिल्यांदा विहिरीवर गेलात, आणि पाय घसरला हेही पहिल्यांदा तुम्हीच म्हणालात. मी आईला सांगितलं नाही, कोणालाच नाही, आणि सांगणारही नाही. तुम्ही दगडाचे नियम सांगता तेव्हा मी भांडतो, पण मला माहीत आहे की नियमानं तुमचं तोंड बंद झालेलं नाही. तुम्ही त्याला मारलं नाही अण्णा. तुमच्या तोंडून एक वाक्य गेलं, आणि तो ते ऐकायच्या आधीच लढाईनं अर्धा संपवलेला होता. हे मी तुमच्या तोंडावर बोलू शकलो नसतो, परत कुंपणावरून उडी मारून पळालो असतो.

त्या मोठ्या दगडाची कडेची पट्टी उरली होती. मकबूलभाईंकडं मागितली. कशाला ते त्यांनी विचारलं नाही, नुसतं म्हणाले, धार नीट मार. त्याच्यावर मी दादाचं नाव कोरलंय, हातानं. एवढी नावं कापली, पण कापताना वाचता आलं असं हे पहिलंच. हुद्दा घातला नाही. तारीख घातली नाही, कसा गेला तेही नाही. निशांत हिंदुराव फडतरे, एवढंच. बाजार समितीत भाजी उतरवून आपल्याकडचा टेम्पो शुक्रवारी रिकामा परत जातो, तो फाट्यावर दगड उतरवेल. चावडीवर लावायचा की गोठ्याच्या भिंतीत, ते तुम्ही ठरवा, मी त्यावर परत भांडणार नाही. फक्त गवंडी दगड बसवताना विचारेल, नाव बरोबर आहे का बघा, वाचून सांगा. तेव्हा आईला पुढं करू नका. तुम्ही वाचा. मधलं नाव तुमचंच आहे अण्णा, ते घेतल्याशिवाय त्याचं नाव पुरं होत नाही.

तुमचाच,
बंडू

ता. क. सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी, आईकडं न देता तुमच्या खात्यावर टाकतोय, अडीच हजार रुपये.