पातेल्याचं पुस्तक

शनि., ११ एप्रिल १९८१. महाड.
ऊन मी म्हणतंय. महिला मंडळाच्या ताम्हणेबाईंनी चहाला बोलावून गळ्यात काम मारलं. सुटीत दर रविवारी पालक-बालक स्वयंपाक वर्ग, शाळेच्या खोलीत. त्यासाठी मुलांचं पाककृतींचं पुस्तक निवडायचं. "तुम्ही संस्कृत शिकलेले, शास्त्रीबुवा. पुस्तकातलं तुम्हाला कळतं." पाकशास्त्र हेही शास्त्र, सबब माझा अधिकार. शुद्ध हेत्वाभास, पण चहा चांगला होता. शिवाय माझ्यासारखा साप्ताहिकाचा वार्ताहर हाताशी असला की बातमी आपोआप येते.
आमच्या मंजूचं नाव घातलं. सौ. खूश.

बुध., १५ एप्रिल.
मंडळाची बैठक. नमुन्याची दोन पुस्तकं. एकात सगळं मोठ्या पातेल्यात. पोहे, खिचडी, शिरा. एक मूल चिरतं, दुसरं ढवळतं, शेवटी सगळी एकत्र बसून खातात. दुसऱ्यात ज्याने त्याने आपापल्या ताटलीत काकडीची होडी करायची, टोमॅटोचं फूल करायचं. स्टोव्ह नाही, चवही नाही. मी पातेल्याचं म्हणालो, सगळ्यांनी माना डोलावल्या.
मग नावं वाचली. शेवटचं नाव जाधवबाई आणि मुलगी शोभा. बौद्धवाडीतल्या. बाई पोलादपूरला शाळेत शिकवतात, शोभा मंजूच्या वर्गात, पहिल्या बाकावर.
यादी उलटी ठेवली गेली. मग ता.बाई, "मला वाटतं ताटलीचंच बरं. स्वच्छतेच्या दृष्टीने."
सगळ्यांना एकाएकी स्वच्छता आठवली. वावगा शब्द कोणी काढला नाही. काढला असता तर निदान भांडता तरी...
मी बिस्किट खाल्लं.

रवि., १९ एप्रिल.
वाईहून परत. चुलतभावाकडे गेलो होतो, पुस्तकाच्या प्रती आणायचं कामही माझ्याकडेच. दुकानात दोन्हींचे ढीग. पातेल्याचं घेतलं. आंबेनळीतून उतरताना प्रतींचा गठ्ठा मांडीवर घट्ट धरून बसलो. घाटामुळे, असं लिहून ठेवतो.
ता.बाईंना सांगितलं, ताटलीचं संपलं होतं.

रवि., २६ एप्रिल.
पहिला वर्ग, कांदेपोहे. बातमी सकाळच्या एस.टी.ने आधीच धाडली, नाहीतर या अंकात येत नाही.
मुलांनी झकास केलं. मंजूने कांदा चिरला, रडली, रडताना हसली. शोभाने पोहे धुतले, तिनेच ढवळले. "बाबा, बघा ना, हिचा एकसुद्धा मोडला नाही!" ताटल्या मांडल्या.
तेवढ्यात एक बाई, "अगंबाई, माझा आज उपास!" मग दुसरीचा. मग सगळ्यांचा. मुलांच्या पोटात दुखायला लागलं. आज ना चतुर्थी ना एकादशी. रविवार धरणारी यांत एकही नाही. आमच्या सौ.नेही खाली बघत, "माझाही."
मंजू मोठ्याने, "आई, सकाळी तू पोळी खाल्लीस ना?"
सौ. पदर सारखा करायला लागली.
म्हादू शिपाई, सकाळीच माझ्यादेखत भजी हाणलेला, "माजा पन उपास हाय सायेब. ह्ये गुरांना टाकू का?"
"नको," जाधवबाई म्हणाल्या. "डबा आहे माझ्याकडे."
आम्ही चौघांनी खाल्ले. त्या मायलेकी, मंजू, मी. मीठ बरोबर होतं. उरलेले डब्यात मावेनात. बाई दाबून दाबून भरत होत्या, बाकीच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी खाल्लं त्याचं कोणाला काही नाही. पुरुष बाहेर कुठेही खातात, हे गाव धरूनच चालतं.
घरी आल्यावर सौ.ने मंजूला चूळ भरायला लावली.

सोम., २७ एप्रिल.
सौ.ला म्हटलं, "पारणं कधी?"
पोळपाट आपटला. "तुम्हाला थट्टा सुचते. उद्या मला हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही तर तुम्ही येणार का सोबतीला?"
ती खोटं बोलत नव्हती.
संध्याकाळी मंजू खेळून आली. शोभाने तिला विचारलं, "मी ढवळायला नको होतं का गं?"
"बाबा, तिला काय सांगू?"
उद्या सांगतो म्हटलं.

गुरु., ३० एप्रिल.
अंक आला. 'रुचकर पोह्यांचा सर्वांनी आस्वाद घेतला.' माझंच वाक्य. पदार्थ बदलून दर समारंभाला तेच धाडतो.
स्टँडवर जाधवबाई पोलादपूरच्या गाडीतून उतरल्या, शाळेच्या निकालाचं काम आटोपून. काखेत अंक.
"वाचली बातमी. त्या वर्गाला यायला आवडलं असतं मला."
मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "पुस्तक आहे का जवळ?" पिशवीत होतं. उभ्या उभ्या पानं उलटली, उपासाच्या पदार्थांपाशी थांबल्या.
"या रविवारी साबुदाण्याची खिचडी करू. म्हणजे कोणाची अडचण नको." हसल्या नाहीत. मी हसलो, आणि लाज वाटली. "आदल्या संध्याकाळी भिजवायला सांगितलंय यात. तुमच्याकडे भिजवा."
"तुमच्याकडे का नको?"
"शास्त्रीबुवा, तुम्ही इथलेच ना?"
जाता जाता, "शोभा आणखी एकदा येते म्हणते. पुन्हा तसंच झालं तर नाव काढून घेईन. तिच्याकडून मी सारखं सारखं नाही ढवळून घेणार."

शुक्र., १ मे.
ता.बाई दारात. ताटलीचं पुस्तक त्यांनी परस्पर वाईहून मागवलंय. "ढिगाने आहे म्हणे तिथे." मी छताकडे पाहिलं.
"तुम्ही लिहिणारी माणसं. सगळं मोडून बातमी करून मोकळी होता. आम्हाला याच बायकांत राहायचंय."
या रविवारी काय, म्हणाल्या. खिचडी सांगितली. बोटांवर काहीतरी मोजलं. उपासाच्या खिचडीला उपास कसा सांगणार, हे हिशेबात येत असावं.
"साबुदाणा कोणाच्या घरी भिजणार?"
"आमच्या."
"मग बघू."
पुढल्या रविवारपासून मात्र ताटली, हे बजावून गेल्या.

शनि., २ मे.
दुपारी सौ.ला सांगितलं. आधी तिला वाटलं मीच हा घाट घातलाय. जाधवबाईंचं आहे म्हटल्यावर हातातलं काम थांबलं.
"आपल्याकडे भिजवा, असं त्या स्वतः म्हणाल्या?"
"हो."
"आपण होऊन?"
"हो."
हात पदराला पुसले. मग, "ती पोर मंजूला काय म्हणाली होती?" तिला ठाऊक होतं, स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तरी माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं.
दिवेलागणीला साबुदाणा चाळला, धुतला, बेताचं पाणी ठेवून झाकला. दाणे भाजून कूट केलं. मी दारात रेंगाळत होतो.
"उभे काय राहिलात? उद्या मी येईनच असं समजू नका."

रवि., ३ मे.
साबुदाणा मोकळा फुललाय. मंजू केव्हाची तयार, फ्रॉकचा पट्टा सोडून बांधून तीनदा झाला. सौ.ने ठेवणीतलं पातळ नेसलंय. सकाळची पोळी खाल्लेली नाही. मुद्दाम की घाईत, कळायला मार्ग नाही.
"आज उपास?" विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.
"अजून ठरवलं नाही," म्हणाली, आणि पातेलं उचलून माझ्या पुढे निघाली.