हिरवा ठिपका

बोगादी, मंगळवार, दिवेलागण

दुपारपासून किती वेळा माझी साइट उघडली असेल. जो साइटवर हजर, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटतो. पेटलेला दिसतो तो एकच, माझा. आणि उद्या गुंतवणूकदार बघायला येणार.

देशोदेशीचे कलाकार एकमेकांना सापडावेत म्हणून हा सगळा खटाटोप. बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतला मुखवटे करणारा तेन्झिन आणि लिस्बनची नाटकवाली मरीया, ही माझी पहिली जोडी. दोघांचेही ठिपके कधीचे विझलेले. भांडले की काय? शेवटी आज तेन्झिनला फोन लावला. स्वारी खुशीत. "अक्का, नाटकाचं काम जोरात चाललंय. आम्ही आता थेट फोनवरच बोलतो!"

आनंद व्हायला हवा होता ना मला?

आईला सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "लग्न जमवणाऱ्याला नंतर कोण विचारतं गं? सुम्ने, उगीच कशाला जीव जाळतेस?"

उद्या ते विचारतील, तुमची माणसं कुठं आहेत? काय सांगू? ज्यांचं जमलं ते निघून गेले म्हणून?

आत्ता पुन्हा उघडून पाहिलं. ठिपका एकच. माझंच अजून कुणाशी जमलेलं नाही.