दाढोबाचा श्वास

३ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर तुला काही सांगायला गेलो की आई शेजारी उभी राहून खुणा करते, म्हणून कागद घेतला.

तुझा भाचा दोन महिन्यांचा झाला. आम्ही त्याला दाढोबा म्हणतो. जन्मानंतर थोड्या दिवसांनी हनुवटीवर आणि दोन्ही जबड्यांवर लालभडक डाग उठले, आणि वाढत वाढत थेट माझ्या दाढीच्या रेषेत आले. मी म्हटलं, पोरगा बापाच्या आधी आरशासमोर बसणार. आईला हा विनोद मुळीच खपत नाही.

काळजी वेगळीच आहे. श्वास घेताना त्याचा आवाज येतो. मी पडलो नळकाम करणारा, मला तो अर्धवट बंद कॉकमधून येणाऱ्या हवेसारखा वाटतो. रडला की आवाज वाढतो आणि गळ्याखाली खळगा पडतो. आई आणि तुझी वहिनी त्याला तीनदा इथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ते म्हणतात, सर्दी. तिसरी बाटली चालू आहे. आपल्या घरात पहिली पदवी तू आणलीस, मुलांच्या हॉस्पिटलात नर्स आहेस, तर दादाला फुकट सल्ला मिळायला हरकत नसावी.

जेवणाची हयगय करू नकोस, आणि दादावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

१७ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फोनवर मी ओरडले, त्याची माफी मागणार नाही. तू त्याच दिवशी आई, वहिनी आणि बाळाला गाडीत बसवून दिलंस, हे मात्र चांगलं केलंस. आज इथून त्यांना घरी सोडत आहेत. हे पत्र वहिनीच्या पिशवीत ठेवते आहे. सावकाश वाच, कारण मला सावकाश बोलता येत नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाची हनुवटी पाहिली, श्वास ऐकला आणि लगेच घशात दुर्बिणीची बारीक नळी घालून बघायचं ठरवलं. दाढीच्या जागी असे डाग आणि सोबत असा श्वास असेल तर आधी आत बघायचं असतं. स्वरयंत्राच्या खाली रक्तवाहिन्यांची लाल गाठ निघाली. जे बाहेर दिसतं, तेच आत वाढत होतं. हवेला जेमतेम एक फट उरली होती. तुझा कॉकचा अंदाज बरोबर होता, दादा. सर्दी नव्हतीच.

आजार दुर्मिळ आहे, मान्य. पण तो बाळाच्या तोंडावर दिसत होता! तिन्ही वेळा कुणाला कसा दिसला नाही, हे मी वॉर्डात विचारलं, तेव्हा आईने अभिमानाने सांगितलं की तिने त्याला एकदाही पावडर फासल्याशिवाय डॉक्टरांसमोर नेलं नाही. एकही डाग दिसू दिला नाही. माझ्या हातातला ट्रे पडायचा राहिला. तिला काय काय बोलले ते ती सांगेलच.

आणि त्या डॉक्टरांना तर मी माफ करणार नाही. पावडरीखालून लाली डोकावतेच की. बोट फिरवलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी झबलं वर करून छाती ऐकली आणि चिठ्ठी लिहिली. वहिनीने गळ्याखालच्या खळग्याचं सांगितलं, तर म्हणे पहिलटकरणी घाबरतातच. मी त्यांना स्वतंत्र पत्र लिहिलं आहे. त्यात एकही शिवी नाही, ते लिहिताना फार कष्ट पडले.

आता औषधाचं. हृदयाचे ठोके मंदावणारं जुनं औषध आहे, त्याने ही गाठ आकसते. इथे डोळ्यात तेल घालून बाळावर लक्ष ठेवलं, मगच घरी न्यायची परवानगी दिली. दूध पाजूनच द्यायचं, उपाशीपोटी दिलं तर रक्तातली साखर उतरते. बाळ पीत नसेल, उलट्या करत असेल, तर डोस थांबवून लगेच फोन करायचा. बाकी आपल्या मनाने बंद करायचं नाही. काही महिने चालेल.

माझ्या रागासकट मला आपली म्हणावं.

तुझी,
धाकटी

२ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

दाढोबाच्या श्वासातला आवाज गेला, डाग फिके पडले. उपकार मानतो. आता दुसरं ऐक.

तू आईला अडाणी म्हणालीस. नर्सांसमोर, परक्या बायांसमोर. ती घरी आल्यापासून तुझं नाव काढत नाही. तुझा फोन वाजला की उठून मोरीत जाते. तुझ्या फीसाठी मी पान्हा हातात घेतला, तो आईला असं ऐकावं लागावं म्हणून नव्हे.

त्यात केमिस्ट हसला. हे तर म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशरचं औषध, म्हणाला, तान्ह्याला कशाला. झालं! ही बाटली संपली की पुरे, असं आईने जाहीर केलं आहे. पोर चांगलं हसतं-खेळतं आहे, मग कशाला हवं, असं तिचं म्हणणं. मी तिला अडवणार नाही. एकदा तिच्या मनासारखं होऊ दे.

दादा

५ जून

दादा,
नमस्कार.

अडाणी हा शब्द मी परत घेते. बाकीचा एकही घेत नाही.

तो हसतो-खेळतो ते औषधामुळे! आत्ता बंद केलंत तर गाठ पुन्हा फुगेल, आणि तुमच्या घरापासून इथवर यायला लागणारा वेळ त्या फटीत मावणार नाही. मला घरी येऊ देऊ नका, माझा फोन तोडा, पदवी चुलीत घाला. पण माझ्यावरचा राग त्याच्या गळ्यावर काढू नका. केमिस्टला माझा नंबर दे. त्याला काय हसायचंय ते माझ्याशी हसू दे.

आईला हे पत्र वाचून दाखव. मोरीत गेली तर मोरीच्या दाराशी उभा राहून वाच.

धाकटी

८ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद देते, कारण द्यावाच लागतो.

हे सुनेकडून लिहून घेते आहे. ती माझे शब्द मऊ करते, म्हणून प्रत्येक ओळ पुन्हा वाचायला लावते आहे.

पावडर का लावत होते, ते तू विचारलंच नाहीस. पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तेव्हा नुसतं दुपट्यात गुंडाळून घरातून निघाले होते. बाकावरच्या बायांनी बाळाचं तोंड पाहिलं आणि सुनेला विचारू लागल्या की पोटुशी असताना काय खाल्लंस, काय पाहिलंस, कुणाचं वाईट चिंतलंस. ती खाली मान घालून रडत होती. मी पिशवीतला डबा काढला आणि आत जाण्याआधी तिथेच त्याचं तोंड पांढरं केलं. पुढेही तेच. ते चुकलं. डाग डॉक्टरला दाखवायचे असतात, हे मला कळलं नाही. पण पोरीला पुन्हा तशा बायांत बसवायची वेळ आली, तर मी पुन्हा काहीतरी करीन. काय, ते तू शिकलेली, तू सांग.

औषध तुझ्या पत्राला घाबरून चालू ठेवलं, असं समजू नकोस. दादाने मोरीच्या दाराशी पत्र वाचलं, त्याच्या आदल्या दिवशीच मी जाऊन दुसरी बाटली आणली होती. रागात बोलले खरी. पण बाटलीचा तळ दिसला आणि हात चालेना. राग तुझ्यावर, गळा त्याचा. एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

माझा राग गेलेला नाही. तो कागदावर मावत नाही, तेव्हा सुट्टी काढून ये. समोर बसून भांडू. फोनवर भांडले असते, पण हा पोरगा हल्ली एवढा भोकाड पसरतो की मला माझंच ओरडणं ऐकू येत नाही.

तुझी,
आई