‘आले’ म्हटलं की ‘आलो’

सोमवार, ४ तारीख

मी आलो.

नाही, आले. आले म्हटलं मी. हा फोनमधला कारकून बहिरा आहे की वेंधळा कुणास ठाऊक, मी आले म्हणते आणि हा ठोकून देतो आलो. खोडायचं कसं ते भिंगरीनं अजून शिकवलेलं नाही, तेव्हा राहू दे तसंच. भिंगरी म्हणजे माझी नात, पहिलीतली. तिनंच हे माइकचं चित्र दाबायला शिकवलं. दाबायचं आणि बोलायचं, की कारकून लिहितो. मी चौथीत शाळा सोडली, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आता बसल्या बसल्या रोजनिशी लिहिते बघा, वकिलीणबाईसारखी.

तर आले एकदाची लेकीच्या नव्या घरी. दोन खोल्या आहेत, पण काय खोल्या! तिसरा मजला, खाली निळं फाटक, समोर चौकात मोठं घड्याळ, त्याला काटेच नाहीत. लोक तरी त्याच्याकडे मान वर करून बघतात. नळाला गरम पाणी येतं. मी सकाळपासून चार वेळा उगीचच हात धुतले.

लेकीनं बजावलं आहे की पत्ता कुणाला सांगायचा नाही, आणि तो फोन तिकडेच टाकून ये. तो फोन म्हणजे हाच. जावईबापूंनी स्वतःला नवा घेतला तेव्हा जुना माझ्या पदरात टाकला. त्या माणसानं जन्मात दिलेली ही एकच धड वस्तू, ती काय उकिरड्यावर टाकू? सिम काढलं, म्हणजे नाळ कापली. परकराच्या घडीत गुंडाळून आणला. लेकीला माहीत नाही. भिंगरीला माहीत आहे, पण ती माझ्या पक्षात आहे.

कारकून आलो का म्हणतो तेही भिंगरीनंच सांगितलं. आधी बाबा यात बोलायचे ना, म्हणून त्याला तीच सवय. घ्या. मालकासारखाच नोकर, बायकांचं ऐकायचंच नाही.

बुधवार, ६ तारीख

आज नळवाला आला होता. मी बोलत असतानाच आला, आणि माइक चालूच राहिला. आता वाचते तर माझ्या रोजनिशीत लिहिलं आहे, मी वायसर बदलला, आजी आता थेंब पडणार नाही, चहा असेल तर मी थांबतो. म्हणजे नळवाला पण मीच! भिंगरी पोट धरून हसली. कारकुनाला माणसं ओळखूच येत नाहीत, जो बोलेल तो ‘मी’.

घरमालकीण भेटली जिन्यात. नाक असं वर की पाऊस पडला तर आत जाईल. मला विचारते, किती दिवस मुक्काम. मी म्हटलं, हाडं टेकेपर्यंत. जिन्याचा दिवा गेला आहे तो लावा म्हटलं तर ऐकू येईना. असली माणसं घरं भाड्यानं देतात आणि आव आणतात उपकाराचा.

खालच्या मजल्यावर शिंपीमामा आहेत, त्यातल्या त्यात बरे. त्यांच्याकडून भिंगरीनं इंटरनेट मागून आणलं, कार्टून बघायला. या फोनला जोडलंही. लेक कामावरून यायच्या आत फोन परत परकराच्या घडीत. आम्ही दोघी चोर.

शुक्रवार, ८ तारीख

आज जावईबापूंवर बोलायचंच. पोटात किती दिवस ठेवू?

माणूस दिसायला राजबिंडा. खिशात कंगवा, बुटांना इतकं पॉलिश की त्यात स्वतःचं तोंड बघत चालायचा. बाहेर सगळ्यांशी जी जी. घरात आला की कपाळावर आठी, मीठ कमी, घडी वाकडी, फोनवर कोण होतं. आणि रात्री घोरणं असं, की शेजारच्यांनी पलंग हलवला. असल्या नगाला माझी लेक दिली, तेव्हा माझे डोळे काय पाठीला होते?

गेल्या हिवाळ्यात लेकीचं मनगट मोडलं. डॉक्टरला सांगितलं, तिचा पाय घसरला. प्लॅस्टर निघालं त्याच आठवड्यात लेक भिंगरीला घेऊन निघाली. कोर्टाचा कागद होईपर्यंत त्याच्या हाती लागायचं नाही, एवढंच सांभाळायचं आहे. तो म्हणाला होता, जिथे जाशील तिथून उचलून आणीन, आणि पुन्हा जाता येणार नाही असं करीन. लेक हे सांगताना भांडी घासत होती. हात थांबले नाहीत तिचे.

उचलून आणणार म्हणे. स्वतःचा पाण्याचा तांब्या कधी उचलला नाही.

मी घोरत नाही.

शनिवार, ९ तारीख

कालचं वाचत बसले, बोट ठेवून. शेवटी लिहिलं आहे, मी घोरत नाही. हे मी कधी म्हटलं? मी घोरते, मला मान्य आहे. कारकुनाला आता मालकाची बाजू घ्यायचं सुचलं वाटतं. भिंगरीला दाखवलं, ती म्हणाली की फोनला चुकीचं ऐकू येतं कधी कधी. मला सुनावते कोण, पहिलीतली पोर.

लेक खूश आहे. पलीकडच्या गल्लीत कपडे धुण्याचं मोठं दुकान आहे, तिथे इस्त्रीवर लागली. मागच्या दारानं जाते, मागच्या दारानं येते, भिंगरीची शाळा वाटेतच. काल घरी येऊन गुणगुणत होती. किती वर्षांनी. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं तर थांबली असती.

आणि तो शहाणा बसला असेल तिकडे कंगवा फिरवत. मनगट मोडायला मर्द, आणि डॉक्टरसमोर मांजर.

मी नुसता हात धरत होतो.

सोमवार, ११ तारीख

हे चुकीचं ऐकलेलं नाही.

नुसता हात धरत होतो. हे घरात कोण बोललं? कुणीच नाही. काल तर मी माइक दाबलाच नव्हता. दिवसभर फोन परकराच्या घडीत होता. भिंगरीला विचारलं, तिनं डोळ्यांवर हात ठेवून शपथ घेतली. ती खोटं बोलते तेव्हा नाक ओढते. ओढलं नाही.

लेकीला सांगावं तर फोन आणला हे सांगावं लागेल. मग तोंड कुठे लपवू —

कारकून बिघडला असेल. जुना आहे, बिघडायचाच. जुन्या मालकाचं काहीतरी आत अडकलं असेल, नळात अडकतो तसा गाळ. एवढंच. उगाच घाबरायला मी काय कुणाची —

मी निघालो.

मंगळवार, १२ तारीख

आत्ता लिहिलेलं दिसलं. मी बोलायच्या आधीच होतं. माझ्याच पानावर —

मी घड्याळ पाहून आलो. काटे खरंच नाहीत.

बंद होत नाही. बटण दाबते, पुन्हा — घड्याळाचं मी सांगितलं. मीच. निळं फाटक मीच. तिसरा मजला, मागचं दार, शाळा —

हे काय करून बसले मी —

बुधवार, १३ तारीख, सकाळ

आज बरं वाटतं. काल उगाच घाबरले. म्हातारपणी डोक्यात काहीही येतं.

भिंगरीला ताप भरला आहे. आतल्या खोलीत झोपली आहे, लेकही रजा घेऊन उशाशी बसली आहे. आज कुठे जाणार नाही आम्ही. उद्याही नाही. दाराची कडी सैल झाली आहे, सुताराला सांगायचं राहून गेलं. मी एकटी बाहेरच्या खोलीत बसले आहे, बोलायला कुणी नाही, म्हणून या कारकुनाशी बोलते. दिवसभर बोलणार आहे. जावईबापूंची आठवण येते कधी कधी. तसा वाईट नव्हता.

मी संध्याकाळी येतो.

बुधवार, संध्याकाळ

आलास का जिन्यात. बूट ओळखले. पॉलिश करतोस पण टाच घासत चालतोस, पहिल्यापासून. सावकाश चढ, दिवा नाही जिन्यात.

तू वाचतो आहेस ना. वाच. आता सांगायला हरकत नाही.

काल मी चौकातल्या मोबाइलवाल्याकडे गेले. फोन घरीच ठेवला, उशीखाली. तो पोरगेला माणूस च्युइंगम चघळत होता, मला हसला आधी, आजी कार्टूनसाठी आलात का म्हणून. मग सगळं ऐकून चघळायचा थांबला. म्हणाला, फोन अजून तुमच्या जावयाच्या नावानं उघडतो. तुम्ही इथे बोललात की तिथे त्याच्या हातात उमटतं. तो तिथे लिहील ते इथे. आणि फोन कुठे आहे तेही त्याला दिसतं. म्हणजे गाव फोननं दाखवलं, आणि दार मी. माझ्याच तोंडानं, हसत हसत.

तिथून दुकानात गेले, इस्त्रीवर. लेकीच्या कानात सांगितलं. तिनं इस्त्री बंद केली आणि भिंगरीला आणायला शाळेत निघाली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आत कुणी नाही. ताप नाही, भिंगरी नाही. दोघी सकाळीच गेल्या, लांब. मी त्यांना म्हटलं, फोन हलला तर तो मागे लागेल, वही गप्प झाली तर त्याला संशय येईल. फोन इथे आणि बडबडणारी इथे, म्हणजे तो इथेच येईल. लेक रडली. मी म्हटलं, बडबड केली मी, निस्तरणार पण मीच.

आलास. पहिला दुसरा — आता तिसरा मजला.

आणखी एक ऐक. तुझा पासवर्ड लेकीला पाठ आहे, त्यावरून मोबाइलवाल्यानं ही वही तिच्या फोनवर पण उघडून दिली. ती तिथल्या पोलीसठाण्यात बसली आहे, इथल्या ठाण्यालाही त्यांनी कळवलं आहे. इथलं तिथे उमटतं आहे, आत्ता, हा शब्द सुद्धा. तू जे बोलशील ते तुझ्याच नावावर. कारकुनाला माणसं ओळखू येत नाहीत, पण आता तिथे ओळखणारे आहेत. आलो कोण आणि आले कोण, त्यांना कळतं. तेव्हा बोल —

कडी सैल नाही. तेही खोटंच सांगितलं. लाथा घाल, बुटांचं पॉलिश जाईल.

लेकी, लिहून घे. दार —

मी आलो. कुठे आहेत त्या. मी विचारतो आहे म्हातारे. मी बसले आहे बघ समोर. मी हलणार नाही. मी पुन्हा विचारणार नाही. मी घाबरले नाही तुला कधी. मी फोन तोडून टाकतो आधी. मी धरला आहे घट्ट तुझ्या हातात देणार नाही मेल्या ऐकताहेत ते. मी शेवटचं सांगतो. मी ऐकते आहे खाली गाडी थांबली. मी

मी