निरोप सांगायला बसवलेली बाई

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पाठ टेकायला काही नाही! पुढे सुनेला फळी, मागे मुलाला फळी, आणि मी मध्ये तळाला, उशीवर, बटाट्याच्या पोत्यासारखी. वर हे लाल फुगीर जाकीट. हनुवटी त्याच्यावर टेकते. खाली बघितलं तर स्वतःचं पोट दिसत नाही — तेवढा एक फायदा.

होडी अरुंद, वालाच्या शेंगेसारखी. नातीनं पहिल्या पगारातून भाड्यानं घेऊन दिली. आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पाच दिवसांची सहल! मला म्हणाली, "आजी, तूही जा. आणि रोज लिही, नाहीतर विचारलं की म्हणशील, काय व्हायचंय!" पोर दूर नोकरीला. आईबाप उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत, हे तिला कुणी कळू दिलेलं नाही.

पण होडीत न बोलून भागतंय होय?

"आई, यांना सांगा, उजवीकडून वल्हं मारतेय मी."

"आई, तिला सांग, मीपण उजवीकडूनच मारतोय."

कान दोघांचे शाबूत. मी सांगेपर्यंत होडी गोल. काठावर एक गाय उभी होती, ती आम्हाला तीनदा भेटली. तिसऱ्यांदा तिनं तोंड फिरवलं.

उतरल्यावर सामान सोडलं. दोन तंबू! दोन किटल्या! मिठाच्या दोन पुड्या! एकमेकांना विचारायचं नाही, म्हणून प्रत्येकानं आपलं आणि आईचं असं बांधलेलं. तरीच होडी काठापर्यंत पाण्यात. मी आपली दिवसभर पोट आत ओढून बसले होते.

दोन्ही तंबूंतून हाका. "आई, इकडे ये." "आई, आत या ना." सुनेकडे झोपले. मुलगा घोरतो. यात न्यायनिवाडा काही नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दोन किटल्यांचा चहा प्यायले. कुणाचा चांगला म्हणून दोघं तोंडाकडे बघत बसले. दोन्ही पाणचट.

शनिवार, संध्याकाळ

नदी भारी संथ आहे. पडलेलं पान आमच्या पुढे निघून गेलं. दुपारभर कुणी वल्हं मारलं नाही तेव्हा बरं चाललं होतं. मग मुलाला खंड्या दिसला. "आई, तिला सांग, डाव्या फांदीवर बघ." मी सांगायच्या आत तिनं मान वळवलेली! मी आपली जीभ आत घेतली. म्हटलं, बघू. पण पक्षी उडाला आणि तीही पुढे बघायला लागली.

दिवेलागणीला नातीचा फोन. रोज येतो. दोघं गालाला गाल लावून त्या एवढ्याशा काचेत हसतात. "मज्जा येतेय ना?" "हो गं, खूप!" फोन बंद झाला की गाल सुटले. असं सोंग वठवणाऱ्यांना घरात ठेवून चूकच केली, नाटकात घालायला हवं होतं.

रविवार, ५ ऑक्टोबर

सून लाकडं गोळा करायला गेली तसा मुलगा जवळ येऊन बसला. पायानं वाळू उकरत. लहानपणी बरणी फोडली की असाच बसायचा.

"आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय. परत गेलो की."

"बरं."

"पोरीला तू सांग. तुझं ऐकते ती."

"आणि तुझ्या तोंडात काय भरलंय?"

"मला नाही जमणार, आई."

तो पाणी आणायला गेला. सून लाकडं टाकून बटाटे सोलायला बसली. साल काढता काढता अर्धा बटाटा गेला.

"आई, लेकीला तुम्हीच सांगा ना. मी बोलायला लागले की रडू येईल."

घ्या! उन्हाळ्यापासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही माझ्या डोक्यावर!

वेगळे व्हायचं तर व्हा. घोड्याएवढे झालात. मी काही छाती पिटत बसणार नाही. पण पोरीनं पहिला पगार यांच्यावर उधळलाय. मी सांगितलं की ती विचारेल, "का गं आजी?" आणि मला का ते ठाऊक नाही. मला कुणी काही सांगतच नाही. मला फक्त उजवीकडे आणि डावीकडे माहीत आहे.

आज मुलाच्या तंबूत. रात्रभर लाकूड कापणार आता.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी दोघांना समोरासमोर बसवलं. म्हटलं, पोर तुमची, तोंड तुमचं, सांगा तुम्ही.

"आई, तिला सांग, पोरीला तिच्या आईनं सांगितलेलं बरं पडतं."

"आई, यांना सांगा, बापाची लाडकी आहे ती."

माझ्या डाव्या कानातून एक, उजव्या कानातून एक. शेवटी ठरलं काय? आज संध्याकाळी फोन आला की आईनं, म्हणजे मी, सांगायचं. कुणी ठरवलं? दोघांनी. मला विचारलं? छे! गाढवाला ओझं विचारून लादतात काय?

उद्या पूल येईल. तिथं होडी परत द्यायची.

सोमवार, संध्याकाळ

वल्हं मांडीवर, वही वल्ह्यावर. अक्षर हलतंय, कारण होडी हलतेय.

दोघं तंबू ठोकत होते. मी होडीत बसले आणि वल्ह्यानं काठ ढकलला. सामान नाही, माणसं नाहीत — काय हलकी चालते!

मागे काठावर फोन वाजतोय. पोरीचाच.

"आई!" दोघं एकदम ओरडले. "आई, फोन! काय सांगायचं?"

मीही ओरडले. होडी वळली तरी ऐकू गेलं असेल — पुलाशी जाऊन बसते, सकाळी काठानं चालत या. आणि फोन दोघांनी मिळून उचला. आधी बापानं बोलायचं, मग आईनं. रडू आलं तर रडत बोला, पण माझं नाव घ्यायचं नाही!